आसाखाली राहा, नद्यांनो!

(सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय ‘ऋग्वेदातील नद्या आणि सरस्वतीचा प्रश्न’ असा छापला आहे, आणि तुमच्यातले बरेच जण त्यातलं ‘सरस्वती’ हे नाव वाचून आले आहेत, हे मला ठाऊक आहे. ती नदी खरी होती का, कुठे होती आणि केवढी होती, हा तो प्रश्न. सरस्वतीकडे मी येणारच आहे. पण वाटेत काही नद्या ओलांडाव्या लागतील, त्याला इलाज नाही.

आज माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. ऋग्वेदातला भूगोल विशेषणांत शोधू नका, नावांच्या क्रमात शोधा. कवी ज्या नदीच्या काठी उभा असतो, ती त्याला जगातली सगळ्यात मोठी नदी वाटते. त्यात काही गैर नाही, स्तुती अशीच करायची असते. पण तो नद्यांची नावं ज्या क्रमानं घेतो, त्या क्रमात त्याच्या पायाखालची वाट असते. विशेषण भक्तीतून येतं. क्रम येतो तो चालण्यातून.

आपण सगळे लहानपणापासून एक श्लोक म्हणत आलो आहोत. ‘गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु’. कलशपूजा असो की घरातली साधी आंघोळ, सात नद्या एका पाण्यात येऊन बसतात. यात यमुनेनंतर गोदावरी येते, मग सरस्वती, मग नर्मदा, आणि तिथून एकदम सिंधू. या वाटेनं कुणी चालायचं म्हटलं तर त्याचे पाय तुटतील. पण तो श्लोक चालण्यासाठी नाहीच. सगळा देश एका तांब्यात यावा, ही त्यातली इच्छा आहे, आणि ती फार सुंदर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या श्लोकाची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ऋग्वेदातलं नदीसूक्तही आपण त्याच कानांनी ऐकतो. पवित्र नावांची माळ, एवढंच.

आता ते नदीसूक्तच घ्या, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, म्हणजे दहाव्या भागातलं, पंचाहत्तरावं सूक्त. ऋचा नऊ, ऋषी सिन्धुक्षित् प्रैयमेध. त्यातली पाचवी ऋचा अशी आहे: ‘इमं मे गङ्गे यमुने सरस्वति शुतुद्रि स्तोमं सचता परुष्ण्या, असिक्न्या मरुद्वृधे वितस्तयार्जीकीये शृणुह्या सुषोमया.’ आता डोळ्यांसमोर नकाशा आणा. गंगा. तिच्या पश्चिमेला यमुना. मग सरस्वती. मग शुतुद्री म्हणजे सतलज. परुष्णी म्हणजे रावी. असिक्नी म्हणजे चिनाब. वितस्ता म्हणजे झेलम. सुषोमा म्हणजे रावळपिंडीच्या बाजूनं वाहत जाऊन सिंधूला मिळणारी सोहान. एकही पाऊल मागं नाही! पूर्वेकडून पश्चिमेकडे, एकामागून एक.

तुम्हाला कुणी ‘नीरा, कृष्णा, वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा’ अशी नावं ऐकवली, तर माणूस पुण्याहून कोल्हापूरला निघालाय, हे तुम्ही लगेच सांगाल. त्यानं गावाचं नाव सांगायची गरज पडणार नाही. पाचव्या ऋचेचं तसंच आहे. आणि कवी कुठे उभा आहे, हेही त्यातून कळतं. सगळ्यात लांबची नदी तो आधी हाक मारून बोलावतो आणि एकेक करत घराशी येतो. घर सिंधूकाठी. सूक्त खरं सिंधूचंच आहे. ती बैलासारखी डुरकत येते, तिच्याकडे घोडे आहेत, रथ आहेत, लोकर आहे. लोकरीचा उल्लेख मुद्दाम सांगतो, कारण परुष्णीच्या संदर्भातही ऋग्वेदात लोकर येते. काठावर मेंढरं दिसत असल्याशिवाय कवीला हे सुचत नाही.

सहाव्या ऋचेत तो सिंधूच्या पलीकडे वळतो. तृष्टामा, सुसर्तू, रसा, श्वेती, मग कुभा, गोमती, क्रुमु, मेहत्नू. कुभा म्हणजे काबूल नदी, क्रुमु म्हणजे कुर्रम, गोमती म्हणजे गोमल. या सगळ्या अफगाणिस्तानाच्या डोंगरांतून येऊन सिंधूला उजव्या काठानं मिळतात. इथे क्रम पाचव्या ऋचेइतका काटेकोर नाही, कारण उत्तरेकडून आलं तर काबूलनंतर कुर्रम लागते आणि मग गोमल. पण बाजू चुकलेली नाही. पूर्वेच्या नद्या एका ऋचेत, पश्चिमेच्या दुसऱ्या ऋचेत. यातली गोमती लखनौची नव्हे, हे कुभा आणि क्रुमु या तिच्या शेजारणींवरूनच ठरतं.

आता माझं दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेनं वेदातल्या नद्यांवर मुलांसाठी एक देखणं पुस्तक काढलं. कागद उत्तम, चित्रं उत्तम. मी उत्साहानं उघडलं, आणि नद्या अकारविल्हे! असिक्नी, मग आर्जीकीया, मग कुभा, क्रुमु, गंगा, गोमती. चिनाबच्या काठावरून उडी मारून मूल काबूलला पोचतं आणि तिथून गंगेला. मी सविस्तर पत्र लिहिलं, सोबत हातानं काढलेला नकाशाही जोडला. उत्तर आलं, वाचकांच्या सोयीसाठी ही रचना केली आहे. मंडळी, हजारो वर्षं लोकांनी हा क्रम पाठ करून जपला. एक स्वर इकडचा तिकडे होऊ नये म्हणून पदपाठ केला, क्रमपाठ केला, जटापाठ केला, घनपाठ केला. लिपीचा आधार न घेता एक वाट तोंडात सांभाळली. आणि आपण छापखाना हातात असताना ती सोयीसाठी मोडली. मला याचा राग येतो आणि तो येत राहावा असंच मला वाटतं. पुस्तक मुलांचं होतं म्हणून तर जास्तच. मुलाला क्रम द्या, नकाशा द्या, बोट फिरवायला सांगा. त्याला ऋचा एका दुपारी पाठ होईल.

क्रम धरून वाचलं की काय हाती लागतं, याचा माझा आवडता दाखला ऑरेल स्टाइनचा. बुडापेस्टला जन्मलेला हा संशोधक. ‘राजतरंगिणी’ची, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या संस्कृत इतिहासाची, संहिता त्यानं संपादित केली आणि काश्मीरच्या मोहंद मर्गवर तंबू ठोकून वर्षानुवर्षं तिथे लिहीत बसला. पाचव्या ऋचेतली मरुद्वृधा कुठली, हे कुणाला नीट लागत नव्हतं. स्टाइननं 1917 साली ऋग्वेदातल्या नदीनामांवर निबंध लिहिला. त्याचा विचार सरळ होता. ऋचेत असिक्नी आणि वितस्ता यांच्या मधे ती आहे ना? मग चिनाब आणि झेलम यांच्या मधे तिला शोधा. तिथे मरुवर्द्वन नावाची नदी आहे, ती किश्तवाडजवळ चिनाबला मिळते. नाव जुळलं, जागा जुळली. कोशात बसून हे झालं नसतं. त्या डोंगरांतून पायी हिंडलेल्या माणसालाच ते दिसलं. हाच स्टाइन पुढे 1940-41 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, घग्गर-हाक्राच्या कोरड्या पात्रातून सरस्वतीच्या खुणा शोधत फिरला. आणि 1943 मध्ये वारला तो काबूलमध्ये, म्हणजे कुभेच्या काठी. नदीसूक्ताची पाचवी आणि सहावी ऋचा या माणसानं आयुष्यभर चालून काढली, असं मी म्हणतो.

इथे एक अडचण आहे, ती लपवायची नाही. पाचव्या ऋचेत विपाश, म्हणजे बियास, नावानं नाही. सतलज आणि रावी यांच्या मधे ती यायला हवी. यास्काचार्य निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या ग्रंथात, सांगतात, आर्जीकीया म्हणजेच विपाश, आणि तिचं त्याआधीचं नाव उरुंजिरा. यास्कांसमोर मी कोण? पण आर्जीकीया ऋचेत वितस्तेच्या नंतर आहे, सुषोमेच्या आधी. तिला बियास मानलं तर झेलमपर्यंत गेलेला माणूस मागं फिरून बियासवर येतो आणि पुन्हा पश्चिमेला जातो. बाकी सगळ्या ऋचेत जो एकदाही वळला नाही, तो इथेच का वळेल? त्यामुळे आर्जीकीया झेलमच्या पलीकडे शोधावी, या मताकडे माझा कल आहे.

विपाशचा विषय निघालाच आहे, तर तिसऱ्या मंडलातलं तेहतिसावं सूक्त सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. तेरा ऋचांचा हा संवाद आहे, विश्वामित्र आणि दोन नद्या यांचा. यास्क मागची गोष्ट सांगतात: विश्वामित्र हा पैजवन सुदासाचा, म्हणजे भरतांच्या राजाचा, पुरोहित. दक्षिणा म्हणून मिळालेलं धन घेऊन तो विपाश आणि शुतुद्री यांच्या संगमावर आला, मागून बाकीचेही आले. समोर पाणी फुगलेलं. मग त्यानं नद्यांची विनवणी केली, उथळ व्हा.

सुरुवात बघा. डोंगराच्या कुशीतून दोघी निघाल्यात, सोडलेल्या दोन घोड्यांसारख्या धावताहेत, वासराला चाटणाऱ्या दोन गाईंसारख्या शुभ्र. विश्वामित्र म्हणतो, माझ्या बोलण्याखातर मुहूर्तभर थांबा, मी कुशिकाचा मुलगा तुम्हाला हाक मारतोय. नद्या काय म्हणतात? आम्हाला इंद्रानं वाट खोदून दिलीय, सवित्याच्या प्रेरणेनं आम्ही वाहतो. म्हणजे, बाबा रे, आम्ही वरच्या हुकमानं निघालोय, तू कोण थांबवणारा? तेव्हा विश्वामित्र हुशारीनं आधी इंद्राची स्तुती करतो. साहेबाचं कौतुक केलं की कचेरीतलं काम हलतं, हे ज्ञान किती जुनं आहे पाहा! नद्या जरा विरघळतात. आणि मग त्या जे बोलतात, ते वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. त्या म्हणतात, गायका, हे तुझं बोलणं विसरू नकोस, पुढची युगं ते ऐकतील. आपण आज इथे बसून ऐकतोय की नाही?

मग नववी ऋचा. ‘नि षू नमध्वं भवता सुपारा अधोअक्षाः सिन्धवः’. बहिणींनो, ऐका, मी लांबून गाडी आणि रथ घेऊन आलोय. जरा वाका, सहज उतरता येईल अशा व्हा, आणि आसाच्या, म्हणजे गाडीची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, खाली राहा. ज्यानं बैलगाडी पाण्यातून काढली आहे, त्याला हे लगेच कळेल. पाणी आसाला लागेपर्यंत गाडी जाते. आसाच्या वर चढलं की साटा पाण्यात येतो, माल भिजतो, गाडी तरंगायला लागते आणि बैलांचे पाय सुटतात. नदीकडे मागायची गोष्ट कोणती? मोक्ष नाही, पापक्षालन नाही, दीड-दोन हात पाणी कमी! शेवटच्या ऋचेत तो जुवाच्या खिळ्या आणि जोत्यांपर्यंत, म्हणजे बैल जुवाला बांधायच्या पट्ट्यांपर्यंत, येतो. लाट खिळ्यांना लागली तर लागो, जोती मात्र वाचू दे, आणि या दोन निरपराध बैलांना इजा होऊ नये. एवढा मोठा ऋषी, भरतांचा सगळा जमाव पार उतरलाय, आणि सूक्त संपतं ते बैलांच्या काळजीवर. ऋग्वेदातला भूगोल म्हणतो तो हा. पाण्याची खोली गाडीच्या आसावर मोजलेली आहे.

जाता जाता एक सांगतो. आपण सह्याद्रीची माणसं हे सूक्त आपल्या नद्यांच्या सवयीनं वाचतो. आपल्याकडे वैशाखात पात्र पायी ओलांडता येतं आणि आषाढात पूर येतो. सतलज-बियासचं तसं नाही. डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं की ऐन उन्हाळ्यात त्या फुगायला लागतात आणि त्यावर पावसाळा येऊन पडतो. कोरड्या आभाळाखाली फुगलेली नदी आपल्या डोळ्यांना ओळखीची नाही. विश्वामित्र नेमका कुठल्या महिन्यात आला ते सूक्त सांगत नाही, पण काठावर अडकून पडण्याचे महिने तिथे आपल्यापेक्षा जास्त असतात, हे ध्यानात ठेवून वाचा.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे सरस्वतीसाठी धावावं लागणार. त्याआधी एक पायरी मात्र चुकवता येत नाही: नावं प्रवास करतात. पंढरपूरला भीमेला आपण चंद्रभागा म्हणतो. खरी चंद्रा आणि भागा हिमाचलात लाहौलला तांदी इथे एकत्र येतात आणि पुढे चिनाब होते. नाशिककर गोदावरीला सरळ गंगा म्हणतात. कोल्हापूरच्या पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त मानतात. आपण जिथे गेलो तिथे नावं घेऊन गेलो. मग वैदिक लोकांनीही हे केलं असेल, यात धक्का बसण्यासारखं काय आहे? पाचव्या मंडलात श्यावाश्व ऋषीच्या ऋचेत सरयू येते ती रसा, कुभा, क्रुमु, सिंधू यांच्या पंगतीत, त्यामुळे ती अयोध्येची वाटत नाही. अवेस्तात, म्हणजे पारश्यांच्या धर्मग्रंथात, हरोयू आहे हेरातकडे, आणि हरह्वैती आहे दक्षिण अफगाणिस्तानात. ध्वनीच्या नियमानं ही सरयू आणि सरस्वतीच. कुणी म्हणतं नाव तिकडून इकडे आलं, कुणी म्हणतं इकडून तिकडे गेलं. नुसत्या नावावरून दिशा ठरत नाही.

आता सरस्वती. नदीसूक्तात ती यमुना आणि शुतुद्री यांच्या मधे आहे. तिसऱ्या मंडलात ती दृषद्वती आणि आपया या नद्यांच्या सोबत येते, म्हणजे कुरुक्षेत्राचा टापू. त्या पट्ट्यात आज सरसुती आणि घग्गर आहेत, पुढे राजस्थानात कालीबंगन ज्या पात्राच्या काठी आहे ते पात्र, आणि पाकिस्तानात तेच हाक्रा. ‘सरस्वती कविकल्पना आहे’ हे मत क्रमापुढे टिकत नाही. कल्पनेतली नदी दोन खऱ्या नद्यांच्या मधे इतकी अचूक बसत नाही.

पण ती केवढी होती? इथे विशेषणं पुढे करतात. ‘अम्बितमे नदीतमे देवितमे’. सहाव्या मंडलात ती लाटांनी डोंगरांचे माथे फोडते, सातव्यात ‘गिरिभ्य आ समुद्रात्’ जाते. ठीक. पण नदीसूक्ताची पहिलीच ऋचा सांगते, वाहणाऱ्या सगळ्यांत जोरानं पुढे सिंधू. दोघी एकाच वेळी पहिल्या कशा? ज्या त्या काठावर जी ती पहिली. म्हणून विशेषणावरून पाण्याचं माप काढू नका.

सतलजचं पाणी मिळून सरस्वती मोठी झाली होती, असंही म्हणतात. पण विश्वामित्राचं सूक्त बघा. त्याच्या वेळी शुतुद्री विपाशला मिळते आहे. म्हणजे सतलज तेव्हा सरस्वतीला पाणी देत नव्हती, हे ऋग्वेदच सांगतो! 2017 साली वाळूच्या कणांचं वय मोजून झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार सतलजनं घग्गरचं पात्र सुमारे 8000 वर्षांपूर्वीच सोडलं होतं. 2019 मधला दुसरा अभ्यास म्हणतो, घग्गर सुमारे 9000 ते 4500 वर्षांपूर्वीच्या काळात बारमाही होती. वाद मिटलेला नाही, आणि तो गाळात बोअर घेऊन मिटायचा आहे, घोषणा देऊन नाही. पुढे पंचविंश ब्राह्मणात, म्हणजे ऋग्वेदानंतरच्या एका वैदिक ग्रंथात, सरस्वती वाळूत लुप्त होते ती जागा, विनशन, नोंदलेली आहे, आणि तिथून उगमाचं प्लक्ष प्रास्रवण घोड्यावरून चव्वेचाळीस दिवसांवर आहे असं म्हटलंय. पाहा, इथेही माप चालण्याचंच आहे.

माझं मत एका दमात सांगतो. सूक्तातली सरस्वती यमुना-सतलजच्या मधलीच. तिच्या काठी राहणाऱ्यांना ती मोठी होती, आणि सतलजएवढं पाणी तिच्यात असल्याचा पुरावा सूक्तं देत नाहीत. या मतानं दोन्ही बाजूंचे मित्र माझ्यावर नाराज होतात, ते सभागृहात बसलेलेही दिसताहेत. प्रश्नोत्तरांत भेटूच.

दाशराज्ञ युद्ध राहिलंच. सुदास परुष्णीवर, म्हणजे रावीवर, दहा राजांशी लढला, आणि ती लढाई सांगणाऱ्या सातव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात एकाएकी यमुनेचं नाव येतं. रावी कुठे, यमुना कुठे, मधे सतलज आणि सरस्वती. एका लढाईच्या सूक्तात या दोघी कशा आल्या, यावर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. कुणीतरी पहिला प्रश्न तोच विचारा, म्हणजे संयोजकांना मला थांबवता येणार नाही.